पुस्तक लपवू नका

प्रश्न : यजमान कॅन्सरने गेले. तेरा वर्षांची लेक ‘अ मॉन्स्टर कॉल्स’ पुन्हा पुन्हा वाचून रडते. पुस्तक लपवून ठेवू का?
— एक आई, सातारा

उत्तर : ताई, मुळीच नको. हे रडू पुस्तकाने आणलेलं नाही, ते आत होतंच. पॅट्रिक नेसच्या या कादंबरीतला (२०११) कॉनर तिच्याच वयाचा, आई आजारी. ‘एकदाचं संपू दे’ असं मनात आल्याचा अपराधभाव त्याला पोखरतो. लेकीलाही तसं वाटलं असेल, तर ते पाप नव्हे हे तिला तुमच्याकडून कळू दे. आधी तुम्ही वाचा, मग बोला. तिने टाळलं तर रेटू नका. झोप-जेवण बरेच दिवस बिघडलं तर समुपदेशक गाठा. मरणाची भाषा आली, तर त्याच दिवशी. टेलि-मानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.