साखर कारखाना आणि खेळाचा संगणक

उसाचा हंगाम सुरू झाला, की भवानीनगरच्या परिसरात बैलगाड्या आणि ट्रॅक्टर-ट्रॉल्या दिसू लागतात. काट्यावर वजन झालेला ऊस गव्हाणीत पडतो. पुढे त्याचे तुकडे होतात, मिलच्या रुळांखाली रस निघतो, तो स्वच्छ होऊन आटतो, पॅनमध्ये दाणा धरतो आणि शेवटी साखर पोत्यात भरली जाते. इंदापूर तालुक्यातील श्री छत्रपती सहकारी साखर कारखाना घ्या किंवा दुसरा कोणताही घ्या, क्रम हाच.

आता एक प्रश्न. समजा, एका कारखान्याची मिल दिवसाला ५००० टन ऊस गाळू शकते. परंतु रस आटवणारी भांडी ३५०० टन उसाच्याच रसाला पुरतात. तर कारखाना रोज किती ऊस गाळील? उत्तर उघड आहे : ३५०० टन. मिल आणखी मोठी बसवली, तरी साखरेचे एक पोतेही वाढणार नाही. साखळीतील सर्वांत संथ भाग साऱ्या साखळीचा वेग ठरवतो.

हा नियम संगणकालाही लागू पडतो. तुमच्यापैकी अनेकांना खेळ खेळण्यासाठी सुटे भाग आणून संगणक जोडावासा वाटत असेल. घरच्यांनी कष्टाने बाजूला काढलेले पैसे त्यात जाणार. मग ते नेमके कोठे घालावेत?

चित्र कसे तयार होते?

खेळातील हालचाल म्हणजे एकामागून एक दिसणारी स्थिर चित्रे. प्रोसेसर प्रत्येक चित्राचा हिशेब करतो : चेंडू कोठे गेला, गाडी किती वळली, कोण कोणाला धडकले. ग्राफिक्स कार्ड त्या हिशेबावरून प्रत्यक्ष चित्र रंगवते. कार्ड एक चित्र रंगवत असताना प्रोसेसर पुढच्या चित्राच्या तयारीला लागतो. गव्हाणीत नवा ऊस पडत असताना आधीचा रस आटत असतो, तसेच हे.

समजा, एका चित्रासाठी प्रोसेसरला ८ मिलिसेकंद लागतात आणि कार्डाला २० मिलिसेकंद. एका सेकंदात १००० मिलिसेकंद असतात. म्हणून सेकंदाला १००० ÷ २० = ५० चित्रे तयार होतील. आता दुप्पट वेगाचा प्रोसेसर आणला, तर? तरीही ५०च! कारण अडचण कार्डाची आहे. त्याऐवजी १० मिलिसेकंद घेणारे कार्ड आणले, तर चित्रे १०० होतील. हुरूप येऊन ५ मिलिसेकंदांचे अतिमहाग कार्ड आणले, तर मात्र २०० नव्हे, १२५च चित्रे मिळतील. आता ८ मिलिसेकंद घेणारा प्रोसेसर आडवा आला.

पडद्याचाही विचार करा. सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणारा पडदा असेल, तर १२५ चित्रांपैकी निम्म्याहून अधिक पूर्णपणे दिसणारच नाहीत. शिवाय १९२० × १०८० ठिपक्यांच्या पडद्यावर २०,७३,६०० ठिपके असतात, तर २५६० × १४४० च्या पडद्यावर ३६,८६,४००; म्हणजे सुमारे पावणेदोन पट. ठिपके वाढले की कार्डाचे काम वाढते, प्रोसेसरचे मात्र फारसे वाढत नाही. म्हणून खरेदीची सुरुवात पडद्यापासून करावी. पडदा ठरला, की कार्ड ठरते. आणि कार्ड ठरले, की त्याला साजेसा प्रोसेसर.

इतर भाग

मदरबोर्ड प्रोसेसरच्या बैठकीशी जुळणारा हवा. एएम४ बैठकीचा प्रोसेसर एएम५ बैठकीत बसत नाही. डीडीआर४ रॅमही डीडीआर५च्या खाचेत जात नाही. एकाच १६ जीबी पट्टीऐवजी ८ जीबीच्या दोन पट्ट्या योग्य खाचांत बसवल्या, तर माहितीला येण्याजाण्यास दोन वाटा मिळतात. एसएसडीमुळे खेळ लवकर उघडतो. पण चालू खेळातील चित्रांची संख्या तिने सहसा वाढत नाही.

पॉवर सप्लायमध्ये काटकसर करू नका. समजा, सर्व भाग मिळून ३०० वॅट घेतात. सप्लायची कार्यक्षमता ८० टक्के असेल, तर तो घरच्या विजेतून ३०० ÷ ०.८ = ३७५ वॅट घेईल; उरलेल्या ७५ वॅटची उष्णता होईल. कार्डाची मागणी क्षणभर एकदम उसळते, म्हणून अशा संगणकाला ५०० ते ५५० वॅटचा चांगल्या प्रतीचा सप्लाय घ्यावा. घरातील अर्थिंग जाणकार वायरमनकडून तपासून घ्यावे.

मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशीला टेकतो. प्रोसेसर फार तापला, की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. तेव्हा काचेच्या आणि रंगीत दिव्यांच्या कॅबिनेटपेक्षा पुढून हवा घेणारे, मागून सोडणारे आणि धूळ अडवणारी जाळी असलेले कॅबिनेट बरे.

पुण्याचे उदाहरण

१९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने १९९१ मध्ये 'परम ८०००' हा महासंगणक सादर केला. डॉ. विजय भटकर त्या कार्याचे प्रमुख होते. त्यात एकच प्रचंड प्रोसेसर नव्हता. ट्रान्सप्युटर नावाचे अनेक लहान प्रोसेसर एकमेकांशी जोडून त्यांच्यात काम वाटले होते. एकेक भाग किती जबर आहे, यापेक्षा सारे भाग मिळून कसे काम करतात, हे पाहिले पाहिजे.

सोडवून पाहा

एका संगणकात प्रत्येक चित्राला प्रोसेसर १० मिलिसेकंद आणि कार्ड ८ मिलिसेकंद घेते. पडदा सेकंदाला ७५ वेळा चित्र बदलतो. दुकानदार म्हणतो, "याहून भारी कार्ड घ्या." ते घ्यावे काय?

उत्तर : नाही. प्रोसेसरमुळे चित्रे १०० च्या पुढे जात नाहीत, आणि पडदा तर ७५च दाखवतो. नव्या कार्डाने खिसा मात्र हलका होईल!

शिक्षकांनी वर्गात निरनिराळे आकडे देऊन अशी गणिते घालावीत. प्रत्येक वेळी मुलांनी आधी एकच गोष्ट शोधावी : अडले आहे ते नेमके कोठे?