नवी ट्रॉली सदोष निघाली तर?



हंगामाच्या तोंडावर नवी ट्रॉली दारात आली की घरात सणच असतो. नारळ फुटतो, हार पडतो. पण जोडाचे वेल्डिंग कच्चे असेल, तर भरल्या खेपेला जिवावर बेतते.

रोह्याकडील आमच्या एका सभासदांचे असेच झाले. चौथ्या-पाचव्या खेपेलाच ट्रॉलीच्या दांड्याला, चेसिसच्या जोडापाशी चीर दिसली. खोळंबा नको म्हणून त्यांनी नाक्यावर वेल्डिंग मारून घेतले. पंधरा दिवसांनी पेणच्या वाटेवर तोच जोड सुटला. उतार नव्हता, म्हणून निभावले. विक्रेत्याने मात्र हात वर केले. "बाहेर काम करून घेतलेत, आता आमचा संबंध नाही." दोष मालातला होता, पण पुरावा आपल्याच हाताने बुजवला गेला. हा धडा सर्वांनी घ्यावा.

ट्रॉली ताब्यात घेतानाच तपासावी. सपाट जागी उभी करून हुकाच्या मध्यापासून आसाच्या दोन्ही टोकांपर्यंत दोरीने माप घ्यावे. दोन्ही मापे सारखी भरली नाहीत, तर आस तिरका बसला आहे असे समजावे. अशा ट्रॉलीचे टायर लवकर झिजतात. थोडे अंतर रिकामी ओढून हब चाचपावेत. एकच हब जास्त तापत असेल, तर बेअरिंग तपासून घ्यावे. चेसिस नंबर पावतीशी आणि पेणच्या परिवहन कार्यालयातून मिळालेल्या नोंदणीच्या कागदाशी ताडून पाहावा.

दोष दिसलाच तर माल उतरवून ट्रॉली उभी करावी. त्या जागेला हात लावण्यापूर्वी फोटो काढावेत. विक्रेता व कारखानदार या दोघांनाही स्पीड पोस्टाने पत्र द्यावे. फोनवरच्या बोलण्यावर राहू नये. आणि आपल्या वजनकाट्याच्या पावत्या जपाव्यात! "तुम्हीच जादा भरलेत" असे विक्रेता म्हणेल, तेव्हा प्रत्येक खेपेचे वजन पावतीच सांगेल. अर्थात नोंदणीपेक्षा जास्त भरले असेल, तर तीच पावती आपल्या विरुद्ध बोलेल. म्हणून भरताना हावरेपणा नको.

दाद मिळाली नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ आहे. तक्रार साधारणपणे दोन वर्षांच्या आत करावी लागते. पूर्वी विक्रेता असेल त्या जिल्ह्यात किंवा जिथे प्रकार घडला तिथे जावे लागे. आता आपण राहतो तेथील आयोगाकडे जाता येते. म्हणजे ट्रॉली घाटावरून आणली असली, तरी पेण-रोह्याच्या माणसाला अलिबागच्या जिल्हा आयोगात तक्रार देता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. दोष डोळ्यांनी ठरवता येत नसेल, तर आयोग वस्तू तपासणीसाठी प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. मग आधीच डागडुजी केलेल्या जोडात प्रयोगशाळेला काय सापडणार? फोनवर सल्ला हवा असल्यास १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे.

एक खाचखळगा मात्र ध्यानात ठेवावा. महाराष्ट्रातील लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स या लहान उद्योगाने सदोष यंत्राबद्दल तक्रार केली होती. राज्य आयोगात ते जिंकले, राष्ट्रीय आयोगात हरले, आणि १९९५ साली सर्वोच्च न्यायालयातही हरले. यंत्र व्यापारी कामासाठी घेतले असे ठरले, म्हणून ते 'ग्राहक' धरले गेले नाहीत. पण त्याच निकालात न्यायालयाने असेही सांगितले, की पोटापाण्यासाठी स्वतः चालवायला रिक्षा घेणारा ग्राहकच असतो. मदतीला एक-दोन माणसे ठेवली म्हणून त्याचा हक्क जात नाही. आपण यातून हे घ्यावे, की स्वतःचा ऊस स्वतः ओढणाऱ्याची बाजू भक्कम राहते. चार-पाच ट्रॉल्या ड्रायव्हर ठेवून भाड्याने फिरवणाऱ्याला या आयोगात अडचण येऊ शकते. त्याने आधी वकिलाचा सल्ला घ्यावा. तक्रारीत ट्रॉली कशासाठी घेतली, हे पहिल्याच परिच्छेदात स्पष्ट लिहावे.

एक खेप चुकली तर ऊस दुसऱ्या दिवशी येईल. दांडा तुटून मागून येणारा मोटारसायकलवाला सापडला, तर ते नुकसान कोणी भरून देणार नाही. तेव्हा चीर दिसली की आधी थांबा, मग लिहा, आणि दुरुस्तीचे शेवटी बघा. पत्र लिहिताना अडचण आली, तर पावत्या घेऊन शेतकी विभागात यावे. आम्ही बसून लिहून देऊ.

— ऊस विकास अधिकारी