टूल सेटर घ्यायचाय? आधी सेटअप मोजा

व्हीएमसीवर १२ टूलचा जॉब आहे असे धरा. ऑपरेटर एकेक टूल कागदाला टेकवून झेड घेतो आणि आकडा स्क्रीनवर भरतो. टूलमागे २ मिनिटे गेली आणि दिवसाला दोन सेटअप झाले, की ४८ मिनिटे मशीन बसून. तासाचा दर ५०० रुपये असेल तर रोजचे ४०० आणि २५ दिवसांचे १०,००० रुपये झाले. सेटर परवडतो की नाही, ते या आकड्यावरून ठरते. कॅटलॉगमधले मायक्रॉन नंतर बघा.

महिन्यातून मोजकेच सेटअप होत असतील तर ५० मिलिमीटर उंचीचा डायलचा झेड सेटर पुरे. तो काही हजारांत मिळतो. आकडा मात्र हातानेच भरावा लागतो, आणि त्यात एक चूक झाली की टूल थेट वाइसमध्ये.

टेबलावर बसणारा, केबलचा टच सेटर नामांकित कंपनीचा घेतला तर फिटिंगसह साधारण लाखाच्या आसपास तयारी ठेवा. टूल डिस्कला टेकते आणि ऑफसेट आपोआप भरला जातो. टूलमागे अर्धे मिनिट धरले तर वरच्या हिशेबात महिन्याला ७,५०० रुपये वाचतात, म्हणजे १३-१४ महिन्यांत पैसे वसूल. अर्थात वाचलेल्या वेळात मशीनला दुसरे काम असेल तरच! बिनतारी सेटर महाग पडतो. पॅलेट किंवा फिरते टेबल असेल तरच त्याचा विचार करा.

लेझर सेटरला काही लाख लागतात. टूल स्पर्शाविना, चालू वेगात मोजले जात असल्याने मोल्ड-डायच्या कामातल्या बारीक कटरसाठी तो योग्य. कोरडी, तेलविरहित हवा मात्र सतत द्यावी लागते, तेव्हा फिल्टर आणि कॉम्प्रेसरचा खर्चही धरा.

खरा पैसा जातो तुटलेल्या टूलमुळे. ड्रिल आत मोडते, मागून टॅप त्याच भोकात शिरतो आणि तोही मोडतो. मग टॅप काढायला स्पार्कवर जॉब पाठवा, नाहीतर भंगारात टाका. रात्रपाळीत एक ऑपरेटर तीन मशीन बघत असेल तर पुढचे जॉबही तसेच जातात. म्हणून ड्रिलनंतर लगेच सेटरवर त्याची लांबी तपासणारी ओळ प्रोग्राममध्ये टाका. सायकल काही सेकंदांनी वाढते. महागड्या कास्टिंगवर ते परवडते, किरकोळ जॉबवर प्रत्येक वेळी तपासू नका. स्पिंडलच्या लोडवर नजर ठेवणारी सोय बऱ्याच कंट्रोलमध्ये असते, पण २-३ मिलिमीटरच्या ड्रिलचा भार इतका कमी की ते मोडले तरी लोड मीटर हलत नाही. मोठ्या फेस मिलला ती चालते.

कोटेशनमध्ये न दिसणारे खर्च आधीच विचारा. कंट्रोलवर कस्टम मॅक्रो आणि स्किप सिग्नल चालू आहेत का? जुन्या मशीनवर मॅक्रोचे वेगळे पैसे पडू शकतात. वायरिंग, मोजणीचे प्रोग्राम, ऑपरेटरचे प्रशिक्षण आणि कॅलिब्रेशनचे मास्टर टूल किमतीत धरले आहे का? धडक बसली की आधी मोडावा म्हणून स्टायलसखाली कमजोर दांडा असतो. त्याचा भाव आणि तो किती दिवसांत मिळतो, हे लिहून घ्या. सेटर टेबलाचा कोपरा अडवतो, तेव्हा तुमचे सर्वांत मोठे फिक्श्चर ठेवून जागा बघा. जीएसटी १८ टक्के लागतो. नोंदणी असेल तर इनपुट क्रेडिट मिळते, पण सुरुवातीला रक्कम खिशातूनच जाते.