शासकीय योजनेची भाषा : शेततळ्याच्या अनुदानाचे वाचन

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर आपणांस शासकीय मराठीतील अट आणि आश्वासन व्यक्त करणाऱ्या रचना ओळखता येतील. तसेच मृद् व जलसंधारणाच्या योजनेतील मजकुराचा नेमका अर्थ सुबोध मराठीत सांगता येईल.

प्रास्ताविक

जालना जिल्ह्यातील शेती मुख्यतः पावसावर अवलंबून आहे. 2012-13च्या दुष्काळात येथील मोसंबीच्या अनेक बागा वाळल्या. जालना तालुक्यातील कडवंचीच्या द्राक्षबागा मात्र तगल्या. या गावात 1996 पासून इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमाखाली, मराठवाडा शेती साहाय्य मंडळाच्या पुढाकाराने, माथ्यापासून पायथ्यापर्यंत समतल चर व बांध अशी कामे झाली होती. पुढे शेततळीही झाली. बाहेरून आलेल्या निधीला गावकऱ्यांच्या श्रमदानाची जोड मिळाली. अर्थसाहाय्याचे मोल अशा वेळी कळते. परंतु ते मिळविण्यासाठी आधी कागद वाचता यावा लागतो. त्या कागदाची भाषा हा प्रस्तुत पाठाचा विषय आहे.

विषय-विवेचन

1. नाव आणि अट : राज्य शासनाने 2016 साली 'मागेल त्याला शेततळे' ही योजना सुरू केली. या नावात 'जो' हे संबंधी सर्वनाम आणि मुख्य क्रियापद दोन्ही अध्याहृत आहेत : (जो) मागेल त्याला शेततळे (मिळेल). बोलीला जवळची ही रचना सर्वांना सामावून घेणारी वाटते. योजनेच्या मजकुरात मात्र किमान 0.60 हेक्टर, म्हणजे सुमारे दीड एकर, जमिनीची अट होती. एक एकराचा धनी मागू शकत होता. पात्र ठरत नव्हता. नाव आवाहन करते, अट निवड करते. वाचकाने दोन्ही वाचावीत.

2. मर्यादावाचक शब्द : 30 × 30 × 3 मीटर आकाराच्या शेततळ्यासाठी 'कमाल' 50,000 रुपये अनुदान होते. 2022 मध्ये मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेत वैयक्तिक शेततळ्यासाठी ही मर्यादा 75,000 रुपये झाली. 'कमाल' आणि 'पर्यंत' हे शब्द रकमेची हमी देत नाहीत, केवळ वरची सीमा आखतात. खोदाईचा खर्च त्याहून अधिक झाल्यास वरचा भार शेतकऱ्यावरच पडतो.

3. क्रियापदांची रूपे : पुढील नमुना वाक्ये पाहा.
(अ) अनुदान देण्यात येईल.
(आ) अनुदान देता येईल.
(इ) पूर्वसंमतीशिवाय केलेल्या कामास अनुदान अनुज्ञेय असणार नाही.
पहिल्या वाक्यात आश्वासन आहे, दुसऱ्यात केवळ शक्यता. तिसऱ्यात निषेध आहे आणि कामांचा क्रमही आहे : आधी संमती, मग खोदाई. पावसाळा तोंडावर आला म्हणून ज्याने आधी यंत्र लावले, त्याचे शेततळे उत्तम होऊनही अनुदान हातचे जाऊ शकते. तिन्ही वाक्यांत देणारा कोण, हे सांगितलेले नाही. म्हणून अर्ज कोठे करावा आणि निर्णय कोणाचा, हे वाचकाला मजकुरात अन्यत्र शोधावे लागते.

4. काळाचा अर्थ : 'काम पूर्ण झाल्यानंतर अनुदान बँक खात्यात जमा करण्यात येईल' या वाक्यातील 'नंतर' हे एक शब्दयोगी अव्यय सर्वांत महाग आहे. खर्च आधी, साहाय्य मागाहून, असा त्याचा अर्थ. ज्याच्यापाशी आधी घालण्यास पैसा नाही, त्याला हाच शब्द उसनवारीकडे नेतो. भाषा येथे अर्थव्यवहाराचा भाग होते.

सारांश

शासकीय मजकूर वाचताना 'कोणाला, किती, कशानंतर, कोणाच्या संमतीने' हे चार प्रश्न विचारावेत. आपल्यापैकी अनेकजण आपल्या घरात किंवा वस्तीवर असा कागद वाचून दाखविणारे असतील. त्यांच्या वाचनावर दुसऱ्याचा निर्णय अवलंबून असतो, हे ध्यानात ठेवावे.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

1. 'देण्यात येईल' व 'देता येईल' यांतील अर्थभेद स्वतःच्या उदाहरणांसह स्पष्ट करा.
2. वरील वाक्य (इ) शेजारच्या शेतकऱ्यास समजेल अशा बोलीत लिहा. अट व क्रम दोन्ही टिकले आहेत का, ते तपासा.