गोळीचं नाव बदलताना

तंजावरहून कुंभकोणमला जाताना वाटेत पापनाशम लागतं. तालुक्याचं, भातशेतीत वसलेलं गाव. तंजावर भागात व्यंकोजीराजांच्या काळापासून राहिलेली मराठी घरं आहेत, शिवाय बदलीच्या नोकरीमुळे किंवा लग्नामुळे महाराष्ट्रातून येणाऱ्याही असतात. पुण्यात नाहीतर कोल्हापुरात सहज मिळणारी गर्भनिरोधक गोळी इथल्या औषधाच्या दुकानात मिळेलच, असं धरून चालू नये. तमिळनाडूत मुलं झाली की बाईची नसबंदी हीच रुळलेली वाट आहे. रोज गोळी घेणाऱ्या थोड्या, म्हणून लहान गावातल्या दुकानात दोन-तीनच नावं असली तर नवल नाही. काउंटरवरचा माणूस दुसरं पाकीट पुढे करतो आणि म्हणतो, "सेमच आहे, अम्मा." ते खरंच तसं आहे का, हे कसं पाहायचं आणि नवं पाकीट नेमकं कधी सुरू करायचं, तेवढंच इथे सांगते.

दुकानात जाताना जुनं पाकीट बरोबर घ्या. रिकामं असलं तरी चालेल, पण फेकू नका. पाकिटाचा रंग आणि पुढचं मोठं नाव विसरा. मागे "प्रत्येक गोळीत" या अर्थाची ओळ असते, तिच्यात दोन औषधं आणि त्यांचं प्रमाण दिलेलं असतं. एक बहुधा एथिनिलएस्ट्राडिओल, दुसरं लिव्होनॉरजेस्ट्रेल, डेसोजेस्ट्रेल किंवा ड्रॉस्पायरेनोन. दोन्ही नावं आणि दोन्ही आकडे जुळले तरच गोळी तीच. उदाहरणार्थ, ओव्हरल-एलमध्ये लिव्होनॉरजेस्ट्रेल ०.१५ मिलिग्रॅम आणि एथिनिलएस्ट्राडिओल ०.०३ मिलिग्रॅम असतं. सरकारी दवाखान्यात फुकट मिळणाऱ्या माला-एनमध्ये आणि दुकानातल्या स्वस्त माला-डीमध्येही नेमकं हेच असतं. फुकटची गोळी हलकी असणार, हा समज सुशिक्षित घरांतही घट्ट आहे. त्याला काही आधार नाही.

उलट ओव्हरल-एल आणि ओव्हरल-जी यांत एकाच अक्षराचा फरक दिसतो, पण 'जी'मध्ये एथिनिलएस्ट्राडिओल ०.०५ मिलिग्रॅम, म्हणजे जवळजवळ पावणेदोन पट असतं. ती बहुतेक वेळा पाळीच्या तक्रारींसाठी लिहून दिलेली असते. 'एल' नाही म्हणून 'जी' घेऊ नका. नोव्हेलॉन आणि फेमिलॉन या दोन्हींत डेसोजेस्ट्रेल ०.१५च, पण एथिनिलएस्ट्राडिओल पहिलीत ०.०३ आणि दुसरीत ०.०२.

आता पाकिटातल्या गोळ्या मोजा. गोंधळ होतो तो इथेच. काही पाकिटांत २१ गोळ्या असतात. त्या संपल्या की सात दिवस काही घ्यायचं नाही, मग नवं पाकीट. माला-एनच्या पाकिटात २८ असतात: २१ संप्रेरकाच्या आणि ७ वेगळ्या रंगाच्या, लोहाच्या. त्या सात गोळ्या म्हणजेच सुट्टीचा आठवडा, फक्त रोजची सवय मोडू नये म्हणून भरलेला. २१च्या पाकिटाची सवय असलेली बाई २८चं पाकीट संपवते आणि नेहमीप्रमाणे पुन्हा सात दिवस थांबते. झाले चौदा दिवस संप्रेरकाविना. २८चं पाकीट संपलं की दुसऱ्याच दिवशी नवं उघडायचं, मधे एक दिवसही नाही. याझसारख्या पाकिटात २४ गोळ्या औषधाच्या आणि ४ नुसत्या असतात, तिथेही तोच नियम.

सात दिवसांवर एवढा भर का? संप्रेरक बंद होताच अंडाशय जागा व्हायला लागतो. सात दिवसांपर्यंत तो बीज सोडण्याइतका पुढे जात नाही, त्यानंतर भरवसा नाही. म्हणून नाव बदलताना खरा धोका बहुधा नव्या गोळीत नसतो, तो दोन पाकिटांच्या मधल्या लांबलेल्या दिवसांत असतो. पाकीट मिळालं नाही, सोमवारी बघू, पाळी येऊ दे मग बघू, असं करत हे दिवस वाढतात.

तेव्हा बदलायची सोपी रीत अशी: जुन्या पाकिटातली शेवटची औषधी गोळी ज्या दिवशी घेतली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी नवं पाकीट सुरू करा. गुरुवारी रात्री एकविसावी गोळी घेतली असेल तर शुक्रवारी रात्री नव्या पाकिटातली पहिली औषधी गोळी. सुट्टीचा आठवडा गाळायचा, जुन्या पाकिटातल्या लोहाच्या गोळ्या ठेवून द्यायच्या. असं केलं तर आणखी कोणत्या साधनाची गरज नाही. त्या महिन्यात पाळी आली नाही किंवा नुसते डाग दिसले तरी घाबरू नका. नेहमीची सुट्टी घ्यायचीच असेल तर ती सात दिवसांची, फार तर तेवढीच.

केवळ प्रोजेस्टोजेनच्या गोळीची, म्हणजे एथिनिलएस्ट्राडिओल अजिबात नसलेल्या गोळीची गोष्ट वेगळी. अंगावर पाजणाऱ्या आईला ती देतात. त्या गोळीवरून दोन औषधांच्या गोळीवर जाताना मधे खंड नको, आणि पहिले सात दिवस निरोध वापरा. बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत हा बदल डॉक्टरांना विचारल्याशिवाय करूच नये. उलट दिशेनं जातानाही शेवटच्या औषधी गोळीच्या दुसऱ्या दिवशी सुरुवात करा. सुट्टी घेऊन बसलात तर पुन्हा सात दिवस निरोध.

सरकारी केंद्रात कधी कधी 'छाया' हातात ठेवतात. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेली ही गोळी १९९१ पासून 'सहेली' या नावानं मिळते. ती चांगली आहे, पण रोजच्या गोळीची जागा तिला तशीच्या तशी देता येत नाही. ती पाळीच्या पहिल्या दिवशी सुरू करायची, पहिले तीन महिने आठवड्यातून दोन ठरलेल्या वारी आणि मग आठवड्यातून एकदा. रोजच्या पाकिटाच्या सवयीनं रोज घेतलीत तर घोळ होणार.

नवं पाकीट सुरू झालं की रोज एकच वेळ ठेवा. रात्रीची भांडी आवरल्यावर घेतलेली गोळी सहसा विसरत नाही. एक औषधी गोळी राहिली तर आठवेल तेव्हा घ्या, त्या दिवशी दोन झाल्या तरी चालेल. सलग दोन किंवा जास्त राहिल्या तर राहिलेल्यांतली शेवटची लगेच घ्या, पुढे नेमानं चालू ठेवा आणि सात दिवस निरोध वापरा. हे तिसऱ्या आठवड्यात घडलं तर सुट्टी न घेता थेट पुढचं पाकीट उघडा. पहिल्या आठवड्यात घडलं, किंवा सुट्टीच सात दिवसांपलीकडे लांबली, आणि गेल्या पाच दिवसांत संबंध आला असेल, तर आणीबाणीच्या गोळीचा विचार करावा लागतो. ती ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी बरी. तमिळनाडूत अनेक दुकानं ही गोळी ठेवतच नाहीत, हे वर्षानुवर्षं बातम्यांत येत आलं आहे. दुकानं पालथी घालत दिवस घालवण्यापेक्षा सरळ सरकारी दवाखान्यात किंवा गावच्या आरोग्य परिचारिकेकडे विचारा. पाच दिवसांच्या आत तांबी बसवणं हा तर त्याहून खात्रीचा उपाय. तीन आठवड्यांनी गर्भचाचणी करून घ्या. गोळी घेतल्यावर तीन तासांच्या आत उलटी झाली तर आणखी एक घ्या.

नव्या पाकिटातली औषधं वेगळी असतील तर आधी रक्तदाब मोजून घ्या. १४०/९० किंवा वर असेल, पस्तिशीनंतर धूम्रपान असेल, डोळ्यांपुढे चमकत्या रेषा येऊन अर्धशिशी उठत असेल, पूर्वी पायाच्या शिरेत गाठ झाली असेल, तर एथिनिलएस्ट्राडिओलची गोळी स्वतःहून सुरू करू नका. डेसोजेस्ट्रेल आणि ड्रॉस्पायरेनोनमध्ये रक्त गोठण्याचा धोका लिव्होनॉरजेस्ट्रेलपेक्षा थोडा जास्त आहे. युरोपच्या औषध नियामक संस्थेचा अंदाज असा: दहा हजार बायकांत वर्षाला लिव्होनॉरजेस्ट्रेलवर ५ ते ७, या दोन्हींवर ९ ते १२, गोळी न घेणाऱ्यांत २. आकडे लहान आहेत, पण निव्वळ दुकानात नाही म्हणून जुन्या, परवडणाऱ्या लिव्होनॉरजेस्ट्रेलवरून महाग गोळीकडे जाण्यात मला तरी अर्थ दिसत नाही. माला-एन मागून घ्या.

क्षयाच्या उपचारातलं रिफॅम्पिसिन आणि फिटसाठीची फेनिटॉइन, कार्बामाझेपिन ही औषधं गोळीचा असर घटवतात. ती चालू असतील तर नाव बदलून उपयोग नाही, साधनच बदलावं लागतं.

पहिले दोन-तीन महिने अधूनमधून डाग पडणं, मळमळ, स्तन दुखणं चालतं. त्याला कंटाळून पाकीट अर्ध्यावर सोडू नका. मात्र एका पोटरीत दुखून सूज आली, छातीत दुखलं, धाप लागली, आजवर कधी झाली नव्हती अशी डोकेदुखी उठली, बोलणं अडखळलं किंवा नजर गेली, तर गोळी थांबवून १०८ला फोन करा. दवाखान्यात पाकीट दाखवा. भाषा जुळली नाही तरी मागची ती ओळ डॉक्टरांना वाचता येते.