रक्तगट ‘बी’, म्हणून कर्करोग?

प्रश्न : सिकलसेलच्या तपासणीत माझा रक्तगट ‘बी पॉझिटिव्ह’ निघाला आणि सिकलसेलपुढे ‘एएस’ असे लिहून आले. ‘बी’ गटवाल्यांना कर्करोग लवकर होतो, असे एकाने सांगितले. हे खरे का? आणि ‘एएस’ म्हणजे ‘ए’ गटच का?
— एक वाचक, खापर (ता. अक्कलकुवा)

उत्तर : आधी दुसऱ्या प्रश्नाचे. ‘ए’ आणि ‘एएस’ यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. रक्तगट ठरतो तांबड्या पेशीच्या पृष्ठभागावरच्या साखरेच्या कणांवरून. ‘एएस’ हे पेशीच्या आतल्या हिमोग्लोबिनबद्दल सांगते. तुम्ही सिकलसेलचे वाहक आहात, रुग्ण नाही.

आता कर्करोगाचे. ऐकलेली गोष्ट खोटी नाही, पण अर्धवट आहे. जठराच्या कर्करोगाच्या रुग्णांत ‘ए’ गटाचे प्रमाण जास्त दिसते, हे ब्रिटनमध्ये इयान एअर्ड आणि सहकाऱ्यांनी १९५३ सालीच दाखवले. रक्तगटाच्या या खुणा फक्त रक्तात नसतात. जठर, आतडी, स्वादुपिंड यांच्या पेशींवरही असतात. म्हणून संबंध दिसतो तो मुख्यतः पोटातल्या अवयवांशी.

‘बी’ गटाचे नाव आले स्वादुपिंडामुळे. अमेरिकेत एक लाखाहून अधिक परिचारिका व आरोग्य व्यावसायिकांच्या पाहणीचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. वर्षाला लाखामागे ‘ओ’ गटात २७ जणांना स्वादुपिंडाचा कर्करोग झाला, ‘ए’मध्ये ३६, ‘एबी’मध्ये ४१ आणि ‘बी’मध्ये ४६ जणांना. ‘सत्तर टक्के जास्त धोका’ म्हटले की छातीत धस्स होते. पण लाखातल्या ९९,९५४ ‘बी’ गटवाल्यांना त्या वर्षी तो झालाच नाही, हेही त्याच आकड्यात आहे. आपल्याकडे तर ‘ओ’ आणि ‘बी’ हेच गट सर्वाधिक आढळतात. ‘बी’वाल्या सगळ्यांनी घाबरायचे ठरवले तर गावाचा मोठा भाग घाबरेल!

‘एएस’बाबत मात्र एक गोष्ट लक्षात ठेवा. मूत्रपिंडाचा एक अतिशय दुर्मिळ कर्करोग जवळजवळ फक्त सिकलसेलच्या वाहकांमध्ये, तोही बहुधा तरुणांत दिसतो. १९९५ साली त्याचे स्वतंत्र वर्णन झाले. असंख्य वाहकांना तो कधीच होत नाही. पण लघवीतून रक्त गेले, तर ‘उष्णता झाली’ म्हणून सोडून देऊ नका. वाहकांत याची साधी कारणेही असतात, तरी डॉक्टरांना दाखवा आणि ‘मी एएस आहे’ हे आवर्जून सांगा. लग्न ठरवताना जोडीदाराचीही सिकलसेल तपासणी करून घ्या. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल सिकलसेलचे रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के असते.

रक्तगट आईबापांकडून येतो, तो बदलता येत नाही. तंबाखूची पुडी, मिश्री, बिडी मात्र आपल्या हातात असते. तोंडाच्या आणि स्वादुपिंडाच्या कर्करोगाचा धोका तंबाखूने वाढतो, मग गट कोणताही असो. काळजी करायचीच असेल तर खिशातल्या पुडीची करा.