मुखपाक आणि हृल्लास : औषधयोजना व तारतम्य

वैद्यबंधुभगिनींच्या नित्य व्यवहारात ‘तोंड आले आहे’ आणि ‘मळमळते आहे’ या दोन तक्रारींवाचून क्वचितच एखादा दिवस जातो. या दोहोंवर आपल्याकडे औषधांची वाण नाही. किंबहुना औषधे विपुल व सुलभ असल्यामुळेच निदानाकडे थोडे दुर्लक्ष होण्याचा संभव असतो. प्रस्तुत लेखात या दोन्ही लक्षणांची व्यवहारोपयोगी औषधयोजना मांडली असून, कोणता मुखपाक व कोणता हृल्लास केवळ औषध देऊन सोडून देण्याजोगा नसतो, याचाही विचार केला आहे.

शास्त्रीय भूमिका

सुश्रुताचार्यांनी निदानस्थानात ६५ मुखरोग सांगितले आहेत. ओष्ठगत ८, दंतमूलगत १५, दंतगत ८, जिह्वागत ५, तालुगत ९, कंठगत १७ आणि सर्वसर ३ अशी ती विभागणी होय. वाग्भटांनी हीच संख्या ७५ मानली आहे. व्यवहारात ज्याला आपण ‘तोंड येणे’ म्हणतो, ते मुख्यत्वे सर्वसर गटात येते. वातज प्रकारात टोचणीयुक्त स्फोट, पित्तज प्रकारात दाहयुक्त, तांबूस वा पिवळसर पातळ स्फोट आणि कफज प्रकारात कंडू, अल्प वेदना व त्वचेच्याच वर्णाचे स्फोट असतात.

हृल्लास हे स्वतंत्र लक्षणही आहे आणि छर्दीचे पूर्वरूपही आहे. चरकाचार्यांनी छर्दीचे वातज, पित्तज, कफज, सान्निपातिक व द्विष्टार्थसंयोगज असे पाच प्रकार सांगितले आहेत. सर्व छर्दी आमाशयाच्या उत्क्लेशातून उद्भवतात, म्हणून वातज प्रकार वगळता आरंभी लंघन, हे त्यांचे सूत्र आहे.

मुख हे महास्रोतसाचे द्वार आहे. द्वारी दिसणारा पाक व आतून उठणारा उत्क्लेश यांचे मूळ अनेकदा एकाच विदग्ध आमाशयात असते. रात्रीचे जागरण, उपाशीपोटी चहा, तिखट-आंबवलेले पदार्थ व मलावरोध हा हेतुसमुच्चय दोन्ही तक्रारींत सापडतो. म्हणून मुखपाकाच्या रुग्णास भूक व मलप्रवृत्ती विचारावी, आणि हृल्लासाच्या रुग्णाचे तोंड उजेडात उघडून पाहावे.

मुखपाक : स्थानिक उपचार

स्थानिक उपचारांत गंडूष, कवल व प्रतिसारण हे तीन विधी प्रमुख होत. तोंड इतके भरावे की द्रव हलविता येऊ नये, तो गंडूष. सुखाने फिरविता येतो तो कवल. नाक व डोळ्यांतून स्राव सुरू होईपर्यंत धारण करणे ही त्याची मर्यादा आहे. शार्ङ्गधरांनी पाचव्या वर्षानंतरच हे विधी सांगितले आहेत. लहान मूल द्रव गिळते, हे त्यामागील उघड कारण आहे.

पित्तप्रधान मुखपाकात जातीपत्रादि क्वाथाचा अनुभव फार चांगला येतो. जाईची पाने, गुळवेल, द्राक्षा, धमासा, दारुहळद व त्रिफळा यांची भरड २० ग्रॅम घेऊन ३२० मि.ली. पाण्यात चतुर्थांश काढा करावा. तो पूर्ण निवल्यावर मध मिसळून दिवसातून तीन-चार वेळा गंडूष करावा. काढा गरम असताना मध घालू नये, हे रुग्णास आवर्जून सांगावे. द्रव्ये न मिळाल्यास जाईची चार-पाच कोवळी पाने चावून रस तोंडात घोळवावा व चोथा टाकून द्यावा.

दाह तीव्र असल्यास ज्येष्ठमध चूर्ण गाईच्या तुपात खलून व्रणावर लावावे. स्राव व चिकटपणा अधिक असल्यास त्रिफळा किंवा पंचवल्कल क्वाथाचा कवल द्यावा व रसांजन मधातून लावावे. हिरड्या सुजून दुर्गंधी असल्यास इरिमेदादि तेलाचा कवल उपयुक्त ठरतो.

खदिरादि वटी आपण सर्वच वापरतो. मात्र तिच्या एका प्रचलित पाठात पूग, म्हणजे सुपारी, हे घटकद्रव्य आहे. सुपारीमुळे ज्याचे तोंड उघडेनासे झाले आहे, त्याला सुपारीयुक्त वटी चघळावयास देणे सर्वथा विसंगत होय. अशा रुग्णासाठी डबीवरील घटकद्रव्ये वाचूनच योजना करावी.

मुखपाक : आभ्यंतर उपचार

वारंवार होणारा मुखपाक केवळ लेपाने थांबत नाही. मलावरोध असल्यास अविपत्तिकर चूर्ण ३ ते ५ ग्रॅम कोमट पाण्यातून द्यावे. विदाह असल्यास कामदुधा २५० मि.ग्रॅ. दिवसातून दोनदा दूध-खडीसाखरेबरोबर द्यावी. जागरण व चिंता यांचा संबंध स्पष्ट असेल तेथे शतावरी व ज्येष्ठमध यांची जोड द्यावी. तथापि उच्च रक्तदाबाच्या किंवा मूत्रल औषधे घेणाऱ्या रुग्णास ज्येष्ठमध पोटात दीर्घकाळ देऊ नये. त्याने शरीरातील पोटॅशियम घटते व रक्तदाब वाढतो.

जीभ गुळगुळीत, लालभडक व आग होणारी असेल तर पांडूचा विचार करावा. लोह आणि बी-१२ जीवनसत्त्व यांची न्यूनता रक्ततपासणीत कळते. शुद्ध शाकाहारी व्यक्ती आणि मधुमेहासाठी अनेक वर्षे मेटफॉर्मिन घेणारे रुग्ण यांत बी-१२ची उणीव विशेष आढळते. येथे उणीव भरून काढणे हीच चिकित्सा होय.

हृल्लासाची औषधयोजना

अजीर्णजन्य हृल्लासात प्रथम लंघन द्यावे, नंतर साळीच्या लाह्यांचा मंड थोडे सैंधव घालून घोटघोट द्यावा. आल्याचा रस व लिंबूरस समभाग चाटवावा. कफप्रधान, तोंडाला पाणी सुटणाऱ्या हृल्लासात एलादि चूर्ण १ ते ३ ग्रॅम मधातून द्यावे.

पित्तप्रधान हृल्लासात, विशेषतः अर्धशिशीसह आंबट-कडू उलटी होत असताना, सूतशेखर अथवा लघुसूतशेखर उत्तम कार्य करतो. सोनगेरू दोन भाग, सुंठ एक भाग व विड्याच्या पानाच्या रसाची भावना इतकीच लघुसूतशेखराची घटना आहे. स्तंभन व दीपन यांचा हा सुटसुटीत मेळ आहे. धण्याचा हिम हाही असाच साधा उपाय. दहा ग्रॅम धणे भरडून साठ मि.ली. पाण्यात रात्रभर भिजवावेत आणि सकाळी गाळून खडीसाखर घालून द्यावेत.

गर्भिणीच्या हृल्लासात रसकल्प टाळून लाह्या, धण्याचा हिम, कोकमाचे सार व अल्पमात्रेत आले यांवर भर द्यावा. गर्भिणीच्या मळमळीवर दिवसाला सुमारे १ ग्रॅम सुंठीचा उपयोग आधुनिक चिकित्सालयीन परीक्षणांतही दिसून आला आहे. परंतु पाणीही टिकत नसेल, लघवी अत्यल्प होत असेल किंवा वजन घटत असेल, तर शिरेवाटे द्रव देण्यासाठी तिला रुग्णालयात पाठवावे.

रुग्ण काय घेऊन आला आहे?

आपल्याकडे येण्यापूर्वी रुग्णाने बहुधा काहीतरी वापरलेले असते. तोंडात लावण्याच्या बधिरता आणणाऱ्या जेलमुळे व्रण दुखेनासा होतो आणि दुखत नाही म्हणून त्याकडे दुर्लक्ष होते. स्टेरॉइडचा लेप बुरशीच्या संसर्गावर लावल्यास तो संसर्ग वाढतो. उलटीसाठी घेतलेल्या मेटोक्लोप्रामाइडने तरुण रुग्णांत मान व जबडा आकडण्याचे प्रकार होतात. डोम्पेरिडोन काही रुग्णांत हृदयाची लय बिघडवू शकते.

याहून महत्त्वाचे म्हणजे, मुखपाक व हृल्लास हे दोन्ही एखाद्या औषधाचेच दुष्परिणाम असू शकतात. यासंबंधी एक रुग्णवृत्त देतो. आमवाताची ५५ वर्षांची स्त्री-रुग्ण सहा दिवसांपासून तोंड आल्याची व सतत मळमळीची तक्रार घेऊन आली. ओठांच्या आतील बाजूस व जिभेवर पसरलेले, रक्त येणारे व्रण होते. लक्षणे पित्तजच दिसत होती. नियमाप्रमाणे घरातील सर्व गोळ्यांची पिशवी मागविली, तेव्हा आठवड्यातून एकदाच घ्यावयाची मेथोट्रेक्सेटची गोळी ती दहा दिवस रोज घेत असल्याचे कळले. रक्तातील श्वेतकण व बिंबाणू दोन्ही घटलेले होते. तिला त्याच दिवशी रुग्णालयात दाखल करविले. तेथे फोलिनिक ॲसिडचे उपचार मिळून ती बरी झाली. येथे कामदुधेने दाह कदाचित थोडा शमला असता, पण रोज एक गोळी पोटात जातच राहिली असती. तात्पर्य, आमवात, सोरायसिस वा कर्करोग यांचे उपचार चालू असलेल्या रुग्णास तोंड आले, तर औषधांची पिशवी पाहिल्यावाचून चिठ्ठी लिहू नये.

केव्हा थांबावे?

पुढील स्थितींत औषधयोजना दुय्यम असून तपासणी वा योग्य ठिकाणी पाठवणी प्रथम होय.

१. सामान्य मुखपाकाचे व्रण एक ते दोन आठवड्यांत भरतात. एकाच जागी तीन आठवड्यांहून अधिक टिकलेला व्रण, विशेषतः कडा कठीण व वेदना अल्प असल्यास, बायॉप्सीसाठी पाठवावा. दाताचे टोक टोचत असेल तर ते घासवून घ्यावे, परंतु त्यानंतरही दोन आठवड्यांत व्रण न भरल्यास वाट पाहू नये.

२. पुसून न निघणारा पांढरा अथवा मखमली लाल डाग. दह्यासारखा थर पुसला जाऊन खाली लाली दिसत असेल, तर बुरशीचा संसर्ग समजून मधुमेह, स्टेरॉइडचा फवारा व प्रतिकारशक्तीचा ऱ्हास यांचा शोध घ्यावा.

३. तिखट सोसत नाही व तोंड उघडत नाही. रुग्णाची स्वतःची तीन बोटे उभी तोंडात जात नसल्यास सुपारीचा इतिहास विचारावा. सुपारी स्वतःच कर्करोगकारक असल्याचा निष्कर्ष आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये प्रसिद्ध केला. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी असली, तरी खर्रा, मावा व मिश्री यांचे व्यसन दृष्टीस पडतेच. ‘तंबाखू खाता का?’ असे विचारल्यास मिश्री लावणारी स्त्री ‘नाही’ असे प्रामाणिकपणे सांगते. तिला मिश्रीविषयी नाव घेऊनच विचारावे.

४. मधुमेही वा वयस्क रुग्णास अकस्मात हृल्लास, घाम व छातीत किंवा पोटाच्या वरच्या भागी अस्वस्थता. येथे पाचक देण्यात वेळ न घालवता ई.सी.जी. काढावा.

५. हृल्लासासह पिवळी लघवी, धाप, पायांवर सूज किंवा तोंडास मूत्रासारखा गंध. यकृत, वृक्क व रक्तशर्करा यांची तपासणी अनिवार्य आहे.

तान्ह्या बाळाविषयी

बाळाच्या तोंडातील पांढऱ्या थरावर टंकण व मध लावण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. एक वर्षाखालील बाळास मध दिल्यास बॉट्युलिझम हा स्नायू लुळे पाडणारा विकार होण्याचा धोका असतो. टंकण-मध लावलेल्या चोखण्यांनी बाळांना आक्षेप आल्याच्या नोंदीही वैद्यकीय वाङ्मयात आहेत. म्हणून या वयात हा योग वर्ज्य समजावा. थराचे कारण बहुधा बुरशी असते. त्यासाठी बालरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने बुरशीनाशक थेंब द्यावेत व मातेच्या स्तनाग्रांचीही तपासणी करावी.

पथ्य व उपसंहार

मुखपाकात मऊ भात, मुगाचे वरण, तूप, गोड ताक व दुधी हितकर; मिरची, पापड, लोणचे, अतिउष्ण चहा व मद्य वर्ज्य होत. हृल्लासात अल्प व वारंवार आहार द्यावा आणि तळलेले पदार्थ वर्ज्य करावेत. दोन्हींत जागरण टाळावे.

सारांश, मुखपाक व हृल्लास यांत औषध निवडणे फारसे कठीण नाही. तोंड उजेडात पाहणे, व्रण किती दिवसांचा आहे हे विचारणे आणि रुग्णाच्या पिशवीतील गोळ्या पाहणे, या तीन गोष्टींना पाच मिनिटे पुरतात. या पाच मिनिटांनंतर दिलेली जातीपत्रादि क्वाथाची पुडी निःशंकपणे द्यावी. ती आपले काम चोख करते.